एका धुऱ्यावरच्या दोन मोजण्या

2023 साली आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन वेळा मोजणारी माणसं आली. मे महिन्यात आलेल्या पोराला माती हवी होती, ऑक्टोबरात आलेल्या साहेबांना वाळलेलं सोयाबीन. पोरगा धुऱ्याच्या अलीकडे, आमच्या वावरात उभा होता; साहेब पलीकडे, चुलत दिरांच्या. मधलं अंतर फार तर वीस पावलं. दोघांनीही मोबाइल समोर धरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. एकाला नोंदवायचं होतं की इथली जमीन जिवंत आहे. दुसऱ्यांना, की इथलं पीक मेलंय. दोन्ही कागदांवर सही माझ्याच घरातली.

आम्ही जालना जिल्ह्यातले. सहा एकर जमीन, दोन माझ्या नावावर, चार मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या. हे चाकणला कंपनीत असतात, दिवाळीला आणि पेरणीला येतात. शेती मीच बघते. गडी लागला तर लावते, नाही तर मी आणि मामा.

नांगर आम्ही 2021 ला सोडला, तोही फक्त माझ्या दोन एकरांत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी पद्धतीचं प्रात्यक्षिक शेजारच्या गावात बघितलं होतं. एकदा गादीवाफे पाडायचे, मग ते मोडायचे नाहीत. पीक कापायचं, उपटायचं नाही. मुळं तशीच जमिनीत राहू द्यायची. नांगरट नाही, वखरणी नाही, तणाचं बघायचं ते तणनाशकानं. मी हे केलं ते पर्यावरणाच्या काळजीनं नाही. ट्रॅक्टरची नांगरट परवडत नव्हती आणि भाड्यानं औत मिळेपर्यंत वाफसा निघून जायचा. मामांना पटलं नव्हतं. "जमीन न उलथता पेरायची म्हंजी न्हाऊ न घालता पोराला कपडे घालायचे," असं ते म्हणायचे. दोन खरीप गेल्यावर त्यांनी एकदा खुरप्यानं माती उकरून बघितली. गांडुळं दिसली. काही बोलले नाहीत, पण ते कपड्याचं वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत समाजमंदिरात बैठक झाली. एका कंपनीचे दोन तरुण आले होते, चांगले शिकलेले, बोलायला मऊ. नांगरट सोडा, काडीकचरा जाळू नका, युरिया कमी करा. त्यानं जमिनीत कार्बन साठतो, हवेत जाणारे वायू कमी होतात, त्याचं क्रेडिट बनतं, ते परदेशातल्या कंपन्या विकत घेतात आणि त्यातला वाटा शेतकऱ्याला. एक क्रेडिट म्हणजे 1 टन कार्बन डायऑक्साइड, किंवा हवेला तेवढाच ताप देणारा दुसरा कोणता वायू. मला वाटलं, मी तर हे दोन वर्षांपासून करतेय, म्हणजे माझे पैसे आधी.

उलटं निघालं. "ताई, ते दोन एकर धरता येणार नाहीत. प्रकल्पामुळं जे नवीन घडेल तेच मोजायचं. तुम्ही आधीपासून करताय, म्हणजे पैसे नसते तरी केलंच असतं." हिशोबाच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण ऐकताना असं वाटलं की ज्यानं दारू सोडली त्याला काही नाही, जो अजून पितोय त्याला सोडायचे पैसे. शेवटी मामांचे चार एकर घातले. तिथं तोवर दरवर्षी नांगर फिरत होता.

करार बावीस पानांचा, इंग्रजीत. मराठीत चार पानांचा 'सारांश' वेगळा होता, पण सही मूळ करारावर. माझा भाचा परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो, त्याला फोटो पाठवले. तो रात्री अकरा वाजता फोनवर एकेक कलम सांगत होता आणि मी वहीत उतरवत होते. मुदत दहा वर्षं. मधे नांगरट केली तर तोपर्यंतचं क्रेडिट रद्द होऊ शकतं. आगाऊ काही नाही. तपासणी झाल्यावर, विक्री झाल्यावर, खर्च वजा जाता वाटा. दर किती? लिहिलेला नव्हता, 'बाजारभावाप्रमाणे'. शिवाय तयार झालेल्या क्रेडिटांतला काही भाग राखीव ठेवायचा, उद्या कुणाच्या शेतातला कार्बन परत हवेत गेला तर भरपाई म्हणून. भाच्याला मी विचारलं, "दुष्काळ पडला तर काय, हे कुठं आहे?" तो शोधत राहिला. 'नैसर्गिक आपत्ती' असा शब्द एकदा आला होता, पण तो कंपनीची जबाबदारी कुठं संपते त्या पानावर.

तरी सही केली. का केली, हे आज विचारलं तर नीट सांगता येत नाही. नांगराचा खर्च तसाही वाचणार होता, आणि गावात सगळ्यांच्या आधी काही करायची मला खोड आहे.

मे महिन्यात तो गिरमिट घेऊन आलेला पोरगा. वरची 30 सेंटीमीटर माती हवी होती. सगळ्या शेतातून नाही, संगणकानं निवडलेल्या ठिकाणांवरून. मामांच्या चार एकरांत तीन ठिकाणं आली. तिसरं अगदी खालच्या कोपऱ्यात, दिरांच्या धुऱ्याला लागून. मेमधली काळी जमीन म्हणजे दगड. भेगा एवढ्या की खुरप्याची मूठ आत जाईल. गिरमिट दहा सेंटीमीटरवर अडायचं, तो अंगाचा भार टाकून फिरवायचा आणि दांडा त्यालाच फिरवायचा. मामा लिंबाखाली बसून बघत होते. अखेर उठले, तांब्याभर पाणी घेऊन निघाले. पोरगा ओरडला, "बाबा, पाणी नको, नमुना खराब होईल!" मामा म्हणाले, "अरे, तुलाच प्यायला आणलंय."

अहवाल आला: सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कार्बन, 0.42 टक्के. भाच्यानं हिशोब घालून दाखवला, तो मी वहीत तसाच ठेवलाय. एका एकरातल्या वरच्या 30 सेंटीमीटर मातीचं वजन साधारण 1,500 ते 1,600 टन. त्यात कर्ब 0.1 टक्क्यानं वाढला, म्हणजे 0.42 चा 0.52 झाला, तर दीड टन कार्बन वाढला. त्याला 3.67 नं गुणायचं, की साडेपाच टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. ऐकायला भरपूर. पण 0.1 टक्का वाढायला आमच्या उन्हाच्या मुलखात किती वर्षं लागतात, हे त्यानं सांगितल्यावर मी वही मिटली. शिवाय, "मामी, दोन प्रयोगशाळांना एकच माती दिली तरी एवढा फरक येऊ शकतो."

युरियाचं मात्र मला पटलं. युरियातल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे पोतं कमी टाकलं की मोजता येण्यासारखी बचत. गंमत अशी की 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशाला मिळतं, कारण उरलेली किंमत सरकार भरतं. एकीकडे पोतं स्वस्त करून हातात द्यायचं आणि दुसरीकडे ते न टाकल्याबद्दल पैसे द्यायची बोली. मी दोन्ही दुकानांत गिऱ्हाईक.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. 5 जुलैला सोयाबीन-तूर पेरली. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांगला झाला. 28 जुलैला शेवटचा, आणि मग गेला तो गेलाच. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, हे नंतर वाचलं. आमच्याकडे त्याची नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. मामा पाऊस पडला की त्या तारखेच्या चौकोनात निळ्या पेनानं लिहितात: 'भुरभुर', 'ओल चार बोटं', 'नाला वाहिला'. 29 जुलैपासून 5 सप्टेंबरपर्यंत 39 चौकोन कोरे. दुधाचा हिशोबही त्याच चौकोनांत असतो. ते आकडे तेवढे दिसतात, तेही दिवसेंदिवस उतरत गेलेले.

सोयाबीन फुलावर आलं आणि माना टाकायला लागलं. दिरांच्या नांगरलेल्या रानात आधी पानं उलटी झाली, खालची पांढुरकी बाजू वर. लांबून शेत राखेसारखं दिसायचं. मामांच्या चार एकरांत गादीवाफे पहिल्याच वर्षाचे. ते आठवडाभर जास्त तगले, मग तेही बसले. माझे जुने दोन एकर मात्र हिरवे. खोटं सांगत नाही, भारी पीक नव्हतं, शेंगा कमीच, पण हिरवे. वाफ्यावरचा पालापाचोळा बाजूला करून बोट घातलं की दुसऱ्या पेरावर गारवा लागायचा. मी रोज सकाळी जाऊन तेवढंच करायची, बोट घालून बघायची. देवाच्या पायाला हात लावावा तसं.

विमा होता. त्याच खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता, गावात जवळजवळ सगळ्यांनी काढला. हंगामात पावसाचा मोठा खंड पडला आणि उत्पन्न सरासरीच्या निम्म्याच्या खाली जाईल असं दिसलं, तर तेव्हा भरपाईतले 25 टक्के आगाऊ मिळायचे. आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा: 21 दिवस. 21 दिवसांचा खंड हवा. गावाचा नाही, महसूल मंडळाचा, म्हणजे अनेक गावांच्या गटाचा. आणि मंडळाचा पाऊस मोजणारं यंत्र आमच्यापासून चौदा किलोमीटरवर.

17 ऑगस्टला दुपारी त्या बाजूला ढग दिसला होता. मला आठवतंय, कारण मी वाळत घातलेली डाळ आत घेतली होती. आमच्याकडे थेंब नाही. यंत्रावर 4.2 मिलिमीटर. 2.5 च्या वर गेला की तो पावसाचा दिवस. म्हणजे कागदावर आमचा खंड आधी 19 दिवसांचा, मग एक पावसाचा दिवस, मग परत 19 दिवसांचा. बेरीज करा म्हटलं, तर बेरीज चालत नाही, सलग पाहिजे. तालुक्याला निवेदन द्यायला आम्ही अकरा जण गेलो. तेव्हा जिल्ह्यात आंदोलन पेटलेलं, एसटी बंद, दोन मोटारसायकली आणि एक पिकअप करून गेलो. मी मामांचं कॅलेंडर भिंतीवरून काढून नेलं होतं. टेबलामागच्या माणसानं ते खरंच दोन मिनिटं बघितलं. "ताई, हे मला पटतंय, पण हे जोडता येत नाही," म्हणाला. कॅलेंडर गुंडाळून परत आणलं. मामांनी ते खिळ्याला लावलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'तालुका'.

आता दुष्काळाचं. आमच्या लहानपणी आणेवारी ऐकली होती, म्हणजे पीक किती आलं याचा पैशांत मांडलेला अंदाज. ती पन्नास पैशाच्या खाली गेली की दुष्काळ. ती अजूनही निघते, पेपरात येते, पण दुष्काळ जाहीर करायचा ठरतो तो केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेवर. तिच्यात आधी पाऊस बघतात: तूट किती, खंड किती. तो पहिला ट्रिगर. मग उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, धरणं आणि भूजल. तो दुसरा. दोन्ही लागले की प्रत्यक्ष पाहणी: तालुक्यातली 10 टक्के गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक गावात मुख्य पिकाची पाचेक ठिकाणं बघायची, मोबाइलमध्ये फोटो आणि टक्का भरायचा. नुकसान 33 टक्क्यांच्या वर तर मध्यम, 50 च्या वर तर गंभीर.

त्या 10 टक्क्यांत आमचं गाव आलं.

आदल्या रात्री पारावर बैठक. कुणीतरी म्हणालं, "साहेब रस्त्यानं आले की पहिल्यांदा काय दिसणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. रस्त्याला लागून माझे दोन एकर, आणि ते हिरवे. दीर हसत हसत म्हणाले, पण हसणं वरवरचं होतं: "वहिनी, तुमच्या दोन एकरापायी गाव दुष्काळातून जायचं बघा." कुणी सुचवलं की त्या दोन एकरांत शेळ्या सोडा दोन दिवस. ते बोलणाऱ्याला इतरांनीच गप्प केलं. पण मला झोप लागली नाही. तीन वर्षं जे जपलं ते गावाच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पाच ठिकाणांत एक हिरवं आलं की सरासरी वर जाते. ती सरासरी एकट्या माझी नव्हती.

सकाळी साहेब आले, बरोबर तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. साहेब गाडीतून उतरून माझ्या वावराकडे बघायला लागले. दीर पुढं झाले. "साहेब, इकडून या, इकडं रस्ता नीट हाय." रस्ता दोन्हीकडून सारखाच होता. ते साहेबांना खालच्या अंगानं घेऊन गेले, त्यांच्या स्वतःच्या रानात, धुऱ्याजवळ. मी मागून चालत होते. बोलता आलं असतं. नाही बोलले.

साहेब तसे नीट होते. रोप उपटून खाली बसले, शेंगा तोडून रुमालावर मांडल्या. एका झाडाला अठरा, त्यांतल्या अकरा चपट्या, दाबलं की नुसता फोलपटाचा आवाज. उरलेल्यांत दाणे ज्वारीएवढे. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकला. मोबाइलमध्ये भरलेला आकडा मला दिसला नाही. जाताना माझ्या दोन एकरांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं? विहिरीवर आहे का?" कृषी सहायक म्हणाला, "नाही सर, विनानांगरणीचं आहे." साहेब थांबले. "मग बाकीचे का करत नाहीत?" कुणी उत्तर दिलं नाही. ते ठिकाण त्यांनी भरलं का, मला आजही माहीत नाही.

31 ऑक्टोबरला यादी आली. राज्यातले 40 तालुके, 24 गंभीर आणि 16 मध्यम. आमच्या जिल्ह्यातले पाच, त्यांत आमचा. ज्यांचं नाव आलं नाही अशा गावांतले पाहुणे फोन करून आमचं अभिनंदन करत होते, म्हणजे बघा. नंतर नोव्हेंबरात 1,021 महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' असा दुसरा शब्द लावून त्यांनाही सवलती दिल्या.

सवलती आठ. जमीन महसुलात सूट. आमचा महसूल एवढा की त्याची सूट सांगायलाही लाज वाटावी. पंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट. विहिरीला पाणी असतं तर उपयोग झाला असता. मुलगी त्या वर्षी बारावीला, तिच्या परीक्षा शुल्काची माफी. शाळेनं फॉर्म आणि खातं क्रमांक घेतला. पिण्याच्या पाण्याचा टँकर फेब्रुवारीत सुरू झाला, तो मात्र वेळेवर आला, हे सांगायला हवं.

कर्जाचं 'पुनर्गठन' हा शब्द ऐकून अर्ध्या गावाला माफीच वाटली होती. बँकेत गेल्यावर कळलं की पीककर्जाचं मुदत कर्ज होतं. नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर फेडायला दोन वर्षं, 50 च्या वर असेल तर पाचपर्यंत, दोन्हींत पहिलं वर्ष सवलतीचं. व्याज थांबत नाही. आणि ते आपोआप होत नाही, संमतीची सही लागते. न दिली तर थकबाकीदार. दिली तर जुन्या कर्जाचा हप्ता आणि नव्या कर्जाचा बोजा दोन्ही. मी बाहेरच्या बाकावर बसून पाच वर्षांचे हप्ते वहीत मांडले, मग आत जाऊन सही केली.

निविष्ठा अनुदानाच्या, म्हणजे बी-खताच्या खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांच्या वेळी मामांचा अंगठा आडवा आला. जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, 2 हेक्टरची मर्यादा. तलाठ्याकडे यादी लागली, नावासमोर विशिष्ट क्रमांक. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं आणि आधारचं प्रमाणीकरण करायचं. मामांचं वय 74. हाताच्या रेषा औतानं, दोरानं, विळ्यानं केव्हाच पुसल्या. मशिनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. केंद्रातल्या मुलीनं ओल्या फडक्यानं पुसला, मग खोबरेल लावलं, मग दहाही बोटं करून बघितली. डाव्या हाताची करंगळी चौथ्या खेपेला लागली. बाहेर आल्यावर मामा करंगळीकडे बघत म्हणाले, "बहात्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली. तवा मुकादम तोंड बघून हजेरी मांडायचा." मग थोड्या वेळानं, "त्यात बी खायचा मेला."

पैसे आले, तक्रार नाही. पण खरी ओढाताण उन्हाळ्यात होती, आणि ती सरकारी यादीत नव्हती.

दोन बैल, एक म्हैस, एक वासरू. कडबा नव्हताच, कारण रब्बीची ज्वारी पेरायला ओल नव्हती. जे होतं ते सोयाबीनचं भुसकट आणि तुरीचं. करारात लिहिलेलं: पिकाचे अवशेष शेतात राहिले पाहिजेत, मार्चमध्ये जमीन झाकलेली दिसणारा फोटो ॲपवर टाकायचा. दुष्काळात तोच अवशेष म्हणजे चारा. सांगा, कुणाच्या तोंडातला काढून कुणाला देणार? मी दोन आठवडे थांबले. मग पाटी घेऊन गेले आणि वाफ्यांवरचं सगळं गोळा करून गोठ्यात आणलं. म्हैस खात होती आणि मी बाजूला उभी राहून दहा वर्षांचा करार खाल्ला जातोय असं बघत होते. मुळं तेवढी राहिली जमिनीत. ती म्हशीला काढता येत नाहीत म्हणून.

मार्चचा फोटो मी खरा टाकला. कंपनीचा मुलगा आला. "ताई, रान उघडं दिसतंय." मी त्याला गोठ्यात नेलं. तो म्हणाला की त्याचे वडीलही शेतकरीच, त्याला कळतं, पण ॲपमध्ये दोनच पर्याय आहेत, 'झाकलेली' आणि 'उघडी'. त्यानं 'उघडी' निवडलं. मला त्याचा राग आला नाही. 'म्हशीनं खाल्ली' असा तिसरा पर्याय कुणी ठेवायला हवा होता, तो त्याच्या हातात नव्हता.

त्याच सुमारास भाच्यानं सांगितलं की केंद्राच्या कृषी मंत्रालयानं 29 जानेवारी 2024 ला शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा काढलाय, त्याआधी जून 2023 ला कार्बन क्रेडिट व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली होती. मी कृषी सहायकाला विचारलं, या आराखड्यात माझ्यासारखीनं कुणाला भेटायचं? तो बिचारा तेव्हा दुष्काळाच्या याद्या आधारशी जुळवत बसला होता. चार गावं त्याच्याकडे. "ताई, तुम्ही सांगितलं तेव्हा मला कळलं," म्हणाला. मी त्याला भाच्यानं पाठवलेली लिंक पाठवली. एका मोबाइलवर तो दुष्काळात मेलेलं पीक जमा करत होता, दुसऱ्यावर मी त्याला जगलेल्या मातीचं धोरण पाठवत होते.

2024 बरं गेलं. 2025 च्या उन्हाळ्यात पहिले पैसे आले, दोन वर्षांचे मिळून चार एकरांचे 2,316 रुपये. उतारा मागितल्यावर कळलं की 2023-24 ची मातीची बाजू जवळपास शून्य धरली होती. जे आलं ते मुख्यतः कमी टाकलेल्या युरियाचं आणि वाचलेल्या डिझेलचं. म्हणजे दुष्काळात मी जमिनीत काही साठवलं नाही. बरोबरच आहे, पीकच नव्हतं तर साठणार कुठून. मामांनी विचारलं, "किती आले?" मी सांगितलं. ते म्हणाले, "नांगरटीचे वाचले ते धर की," आणि कॅलेंडरावर काहीच लिहिलं नाही.

नांगर मी अजून सोडलेलाच आहे, आणि आता दिरांनीही दोन एकरांत वाफे पाडलेत. साहेबांचा तो प्रश्न त्यांना लागला असावा, असं मला वाटतं. ते म्हणतात डिझेल परवडत नाही.

दुसऱ्यांदा माती घ्यायची होती 2025 च्या खरिपानंतर. पण सप्टेंबरात मराठवाड्यावर ढग फाटल्यासारखा पाऊस झाला. दुष्काळाच्या याद्या जुळवणाराच कृषी सहायक आता अतिवृष्टीचे पंचनामे करत फिरत होता, पायात गमबूट. त्या खालच्या कोपऱ्याशी दिरांचं रान आमच्याहून उंच. त्यांच्या नांगरलेल्या तुकड्यातली माती धुरा फोडून खाली आली आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात पसरली, घोट्याच्या वर थर.

डिसेंबरात गिरमिटवाला पोरगा आला, तोच. आता त्याला मिशा फुटल्या होत्या. पहिली दोन ठिकाणं झटक्यात झाली. तिसऱ्याला तो मोबाइल धरून चालत गेला आणि बरोबर त्या गाळावर जाऊन थांबला. गिरमिट या वेळी लोण्यात जावं तसं आत गेलं. माती पिशवीत भरली आणि तो तसाच उभा राहिला, कारण वरच्या थराचा रंगच वेगळा, जरा तांबूस.

"ताई, ही माती तुमची नाही वाटत."

धुऱ्यावरून दीर बघत होते. "आमची हाय ती," म्हणाले. "घाल की पिशवीत. पैसे आले की निम्मे इकडं."

पोरगा मोबाइलमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मग मामांकडे बघून म्हणाला, "बाबा, प्यायला पाणी आहे का?"